केशरी जास्वंद : रंग, प्रकार आणि जोपासना

जास्वंद म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गणपतीला वाहिलेले तांबडे फूल येते. तमिळ भाषेने तर हा तांबडेपणा झाडाच्या नावातच गोवला आहे. चेन्नईत जास्वंदीला ‘सेंपरुत्ती’ म्हणतात. ‘सें’ म्हणजे तांबडा आणि ‘परुत्ती’ म्हणजे कापूस. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही हे नाव सार्थ आहे; कारण जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. परंतु मैलापूर किंवा अड्यार भागातील जुन्या घरांच्या कुंपणांवरून नजर फिरविली, तर तांबड्या फुलांच्या जोडीला पिवळी, पांढरी, गुलाबी आणि केशरी फुलेही डोकावताना दिसतात. प्रस्तुत प्रकरणात त्यांपैकी केशरी फुलांचाच विचार केला आहे.

केशरी जास्वंदीला स्वतंत्र प्रकरण देण्यास कारण आहे. तांबडी एकेरी जास्वंद पूजेला लागते. तिची पाने वाटून केस धुण्यासाठी आणि फुले तेलात उकळण्यासाठी तमिळनाडूत घरोघर वापरतात. त्यामुळे ती कोणी ना कोणी लावतोच. केशरी जास्वंदीला असा आधार नाही. ती केवळ रंगासाठी लावली जाते. आणि जे केवळ शोभेचे असते, ते जागा अपुरी पडू लागताच प्रथम तोडले जाते. बागेतील जास्वंदीचा प्रकार बियांतून जसाच्या तसा उगवत नाही, त्यामुळे एकदा गेलेला प्रकार पुन्हा हाती लागेलच असे नाही. म्हणून केशरी प्रकार ओळखावे कसे, वाढवावे कसे आणि टिकवावे कसे, ह्या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

मूळ आणि प्रसार

संस्कृत वाङ्मयात ‘जपा’ ह्या नावाने हे फूल परिचित आहे. हेंड्रिक व्हान ऱ्हीडे ह्या डच अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींवर तयार करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात हे झाड ‘शेम-परिती’ म्हणून आले आहे. म्हणजे आजच्या तमिळ व मलयाळम नावाचेच ते डच लेखन होय. पुढे १७५३ साली लिनीअसने त्याला ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील उत्तरपदाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा आहे. वास्तविक हे झाड चीनमध्ये किंवा अन्यत्र कोठेही रानटी अवस्थेत आढळत नाही. ते माणसाने फार पूर्वीपासून जपलेले झाड आहे. त्याचे पूर्वज पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे असावेत, असे अलीकडील आनुवंशिक अभ्यासावरून दिसते.

हिंदी महासागर, पूर्व आफ्रिका आणि पॅसिफिक बेटे येथे ह्या जास्वंदीच्या निकटच्या जाती आढळतात, आणि त्यांच्याशी तिचा संकर होऊ शकतो. मॉरिशस बेटावर चार्ल्स टेल्फेअर ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे संकर केले होते. हवाई बेटांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ह्या कामास मोठा वेग आला. तेथील कृषी प्रयोगकेंद्राने १९१३ साली शोभेच्या जास्वंदीवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. नंतर फ्लॉरिडा व ऑस्ट्रेलिया येथील हौशी बागाइतांनी हजारो नवे प्रकार निर्माण केले. आपल्या देशात बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ह्या क्षेत्रात काम केले असून ‘क्वीन ऑफ हेसरघट्टा’, ‘भारत सुंदरी’, ‘चित्रलेखा’ अशी भारतीय नावे धारण करणारे प्रकार तेथून बाहेर पडले. केशरी छटांची आज दिसणारी विपुलता ही मुख्यतः अशा संकरांची देणगी आहे.

केशरी रंगाची घडण

तांबड्या किंवा पिवळ्या फुलापेक्षा केशरी फूल समजण्यास थोडे अवघड असते, कारण त्याचा रंग बहुधा एकच नसतो. जास्वंदीच्या पाकळीत रंगद्रव्यांचे दोन मोठे गट असतात. पहिला गट कॅरोटिनॉइडांचा. गाजर आणि झेंडू ह्यांना रंग देणारी ही द्रव्ये पिवळी ते नारिंगी असून ती पेशीतील सूक्ष्म कणांत साठलेली असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. दुसरा गट अँथोसायनिनांचा. ही द्रव्ये तांबडी ते जांभळी असून पेशीतील रसात विरघळलेल्या स्थितीत असतात. पिवळ्या थरावर तांबड्याचा पातळ मुलामा बसला की आपल्या डोळ्यांना केशरी रंग दिसतो. मुलामा दाट झाला की तोच रंग शेंदरी किंवा विटकरी होतो, आणि विरळ झाला की अबोलीकडे झुकतो.

घरच्या घरी ह्याची परीक्षा करता येते. ताज्या केशरी फुलाच्या चार-पाच पाकळ्या कपभर कढत पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवाव्या. पाण्यात जांभळट झाक उतरली आणि पाकळी पिवळट पडली, तर तो रंग दोन द्रव्यांच्या मिश्रणाचा आहे असे समजावे. त्या पाण्यात लिंबू पिळल्यास ते गुलाबी होते, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यास हिरवट होते. हा अँथोसायनिनांचा गुणधर्म होय. याउलट पाणी जवळजवळ फिकेच राहिले आणि पाकळीचा नारिंगी रंग टिकून राहिला, तर तो रंग मुख्यत्वे कॅरोटिनॉइडांचा आहे.

ही परीक्षा केवळ कुतूहलासाठी नाही. कडक उन्हाळ्यात अनेक फुलझाडांत अँथोसायनिनांची निर्मिती मंदावते. त्यामुळे दुहेरी रंगाचे केशरी फूल डिसेंबर-जानेवारीत शेंदरी आणि मे महिन्यात फिकट पिवळट दिसू शकते. आपल्याला रोपवाटिकेने फसविले, असे त्या वेळी अनेकांना वाटते. झाड मात्र तेच असते. म्हणून कोणताही प्रकार ओळखताना निदान दोन ऋतूंतील फुले पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

छटांच्या वर्णनासाठी परदेशी उद्यानशास्त्रज्ञ रंगतक्त्यांचा उपयोग करतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा तक्ता १९६६ पासून प्रचारात आहे. सर्वसामान्य बागप्रेमीजवळ तो नसला, तरी मराठी भाषेचा रंगतक्ता त्याच्याजवळ आहेच. केशरी, शेंदरी, भगवा, नारिंगी, अबोली आणि विटकरी ह्या शब्दांनी सहा वेगळ्या छटा नेमक्या सांगता येतात. त्यांपैकी अबोलीचा नमुना तर चेन्नईत पदोपदी मिळतो. तेथे अबोलीला ‘कनकांबरम्’ म्हणतात, आणि तिचे गजरे फूलवालीच्या टोपलीत मोगऱ्याशेजारी मांडलेले असतात. जास्वंदीचे फूल त्या गजऱ्याशेजारी धरले की छटेचा निर्णय चटकन होतो.

मुख्य प्रकार

केशरी जास्वंदींचे वर्गीकरण रंगापेक्षा फुलाच्या बांधणीवरून करणे अधिक सोयीचे असते.

एकेरी : ह्यात पाच पाकळ्या असतात. मधोमध पुंकेसरांची नळी बाहेर आलेली असून तिच्या टोकाशी किंजल्काचे पाच गोंडे दिसतात. पाकळ्यांच्या तळाशी बहुधा वेगळ्या रंगाचा भाग असतो. त्यास ‘डोळा’ म्हणतात. केशरी फुलात हा डोळा गडद तांबडा, गुलाबी किंवा पांढरा असतो आणि ओळख पटविण्यास त्याचा फार उपयोग होतो. ‘फिएस्टा’ ह्या प्रसिद्ध प्रकाराचे फूल झगझगीत केशरी, पांढऱ्या डोळ्याचे आणि चुणीदार कडांचे असते. ‘ऑल अग्लो’ हे झाड उंच वाढते. त्याच्या केशरी पाकळ्यांवर पिवळे ठिपके, आत गुलाबी वलय आणि तळाशी पांढरा रंग अशी रचना असते. जुन्या घरांच्या कुंपणांना दिसणारी मध्यम आकाराची साधी केशरी जास्वंदही ह्याच गटातील. तिचे नाव सांगणारा माणूस क्वचितच भेटतो, पण काटकपणात ती नामांकित संकरांना मागे टाकते.

दुहेरी : ह्यात पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते आणि फूल गुलाबासारखे भरगच्च दिसते. ‘क्राउन ऑफ बोहेमिया’ हा सोनेरी रंगाचा प्रकार तळाकडे गडद केशरी होत जातो. दुहेरी फुलात पावसाचे पाणी साचते. त्यामुळे ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ती जड होऊन लोंबतात किंवा कुजतात. अशा झाडास गच्चीच्या छपराचा किंवा सज्जाचा थोडा आडोसा मिळेल असे पाहावे.

मनोरा : ह्यात पाच पाकळ्यांचे फूल असतेच, शिवाय पुंकेसरांच्या नळीच्या टोकाशी पाकळ्यांचा दुसरा गोंडा फुटतो, आणि एका फुलातून दुसरे उमलल्यासारखे दिसते. ‘एल कॅपिटोलियो’ हा मूळ प्रकार तांबडा आहे. त्याच्या एका फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून अबोली छटेचा उपप्रकार मिळाला. एका फांदीतील बदल ओळखून ती वेगळी वाढविली की नवा प्रकार कसा हाती येतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

झुंबर : ‘हिबिस्कस स्किझोपेटॅलस’ ही पूर्व आफ्रिकेतील स्वतंत्र जाती आहे. तिच्या पाकळ्या झालरीसारख्या चिरलेल्या आणि मागे वळलेल्या असून फूल लांब देठावर खाली लोंबते. रंग तांबडा ते केशरट तांबडा असतो. नेहमीच्या जास्वंदीशी तिचे संकर झालेले आहेत. त्यांच्या लवचिक फांद्या कमानीसारख्या वाकतात, म्हणून ही झाडे कुंपणाच्या आतील बाजूस, उंचावर लावावी.

ह्या चारही गटांबाहेरचा एक नातेवाईक चेन्नईच्या समुद्रकाठी व खाडीकाठी भेटतो. मराठीत त्यास बेलपाटा आणि तमिळमध्ये ‘नीर्परुत्ती’ म्हणतात. त्याचे फूल सकाळी पिवळे उमलते आणि संध्याकाळपर्यंत केशरी-तांबडे होऊन गळून पडते. तो वृक्ष असल्यामुळे लहान बागेस योग्य नाही. पण पिवळ्यावर तांबडा चढून केशरी कसा होतो, हे एकाच दिवसात पाहावयाचे असल्यास त्याच्यासारखा शिक्षक नाही.

चेन्नईच्या हवेत लागवड

महाराष्ट्रातील वाचकाने येथे ऋतूंचा क्रम बदलून घेतला पाहिजे. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात येतो. जून हा महिना तेथे पावसाळ्याचा आरंभ नसून उन्हाळ्याचाच शेवट असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संध्याकाळच्या वादळी सरी येऊ लागल्या की लागवडीस आरंभ करावा, म्हणजे मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी मुळे धरतात. छाटणी पाऊस संपल्यावर, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत करावी. जास्वंदीला फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून फांद्यांचा सुमारे एक-तृतीयांश भाग कापला तरी नुकसान होत नाही; उलट झाड भरदार होते.

झाडास रोज पाच-सहा तास ऊन हवे. मात्र मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम्’च्या दिवसांत दुपारच्या पश्चिमेकडील उन्हाने केशरी पाकळ्यांच्या कडा करपतात. पूर्वेची बाजू सर्वांत उत्तम. चेन्नईत इमारतीच्या उघड्या गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात. तेथे कुंड्या ठेवावयाच्या असल्यास कुंडीचे तोंड निदान ३० सेंटिमीटर रुंद असावे. कुंडी तापलेल्या फरशीवर न टेकविता विटांवर ठेवावी आणि मातीवर नारळाच्या शेंड्यांचे किंवा वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. ह्या दिवसांत माती एकदा जरी पूर्ण वाळली तरी कळ्या गळतात, आणि पाणी साचून राहिले तरीही गळतात. म्हणून पाण्याचा निचरा आणि नियमितपणा ही दोन पथ्ये सांभाळावी.

पाण्याचा प्रश्न येथे केवळ बागेपुरता नाही. २०१९ च्या जून महिन्यात शहराला पाणी पुरविणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. अशा वर्षी शोभेच्या झाडाला पिण्याचे पाणी घालणे कोणालाही रुचणार नाही. तांदूळ व भाज्या धुतलेल्या पाण्यावर दोन-चार कुंड्या सहज जगतात. विंधण विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्याने जमिनीतील लोह झाडास मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या राहतात. केशरी संकरांत हे लक्षण दिसल्यास थोडे फेरस सल्फेट द्यावे आणि शक्य तेव्हा साठविलेले पावसाचे पाणी घालावे. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पर्जन्यजलसंचय बंधनकारक आहे. त्याचा हा एक लहानसा पण हुकमी उपयोग होय.

खत म्हणून चांगले कुजलेले शेणखत, शेंगदाण्याची पेंड व निंबोळी पेंड पुरेशी होते. स्फुरद अधिक असलेली खते जास्वंदीला मानवत नाहीत. फुलांसाठी पालाशाची गरज अधिक असते.

सर्वांत त्रासदायक कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्यावर कापसासारखा पुंजका दिसताच तो शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकावा आणि झाडावर साबणाच्या सौम्य पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मुंग्या ह्या किडीचे रक्षण करतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा. २००८ साली कोइंबतूर भागात पपईवरील पिठ्या ढेकूण ही परदेशी कीड प्रथम आढळली आणि ती जास्वंदीवरही पसरली. तिच्यावर २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या ‘ॲसिरोफेगस पपायी’ ह्या सूक्ष्म परजीवी कीटकाने आळा घातला. तीव्र विषारी औषधांनी असे मित्रकीटक आधी मरतात, हे ध्यानात ठेवावे.

कलमे आणि वारसा

केशरी प्रकार टिकविण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे फांदी. संकरित झाडाचे बी पेरले तर प्रत्येक रोपाचे फूल निराळे निघते. म्हणजे ‘फिएस्टा’ची जगातील सारी झाडे ही मूळ एकाच झाडाच्या फांद्या आहेत, आणि तुमच्या अंगणातील निनावी केशरी जास्वंदीचेही तसेच आहे.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची फांदी डोळ्याच्या लगेच खाली कापावी. खालची पाने काढावी, वरची अर्धी कापावी. वाळू व पालापाचोळ्याचे खत ह्यांच्या ओलसर मिश्रणात फांदी सावलीत लावावी. चार ते सहा आठवड्यांत मुळे सुटतात. मोठ्या फुलांच्या नव्या संकरांची फांदी सहसा मुळे धरत नाही. त्यांच्यासाठी गुटी कलम करावे, किंवा काटक तांबड्या जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलम बांधावे. पुणे किंवा बंगळूर येथून आणलेले देखणे केशरी झाड चेन्नईच्या उन्हाळ्यात दगावते, त्याचे एक कारण पुष्कळदा दुबळी मुळे हे असते. अशा वेळी स्थानिक खुंट त्याला तारू शकतो.

उद्यानप्रेमाची परंपरा ह्या शहरात जुनी आहे. १८३५ साली येथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची स्थापना झाली, आणि त्याच कॅथीड्रल रस्त्यावर २०१० मध्ये सेम्मोळी पूंगा हे सार्वजनिक उद्यान खुले झाले. परंतु अंगणातल्या निनावी जास्वंदीची नोंद कोणतेही सार्वजनिक उद्यान ठेवत नाही. स्वतंत्र घर पाडून तेथे सदनिकांची इमारत उभी राहते, तेव्हा आंबा किंवा नारळ तोडल्याची हळहळ व्यक्त होते. कुंपणाची जास्वंद मात्र मातीबरोबर नेली जाते. त्या झाडाची एकही फांदी दुसरीकडे लावलेली नसेल, तर तो प्रकार त्याच दिवशी संपतो.

जास्वंदीच्या प्रकारांची आंतरराष्ट्रीय नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटीकडे होते. आपल्या घरच्या झाडाची नोंद तेथे करण्याची आवश्यकता नाही. एक साधी वही पुरे. तिच्यात झाड कोणाकडून, कोणत्या वर्षी आणले; फूल एकेरी की दुहेरी; डोळ्याचा रंग कोणता; हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील छटा कोणती; आणि फांद्या कोणाकोणाला दिल्या, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसल्यास ज्या घरातून वा गल्लीतून झाड आले, तिचे नाव लिहावे. मनाने एखाद्या प्रसिद्ध प्रकाराचे नाव चिकटवू नये. खोटे नाव हे नाव नसण्यापेक्षा अधिक घोटाळ्याचे असते.

प्रत्येक प्रकाराची निदान तीन झाडे तीन वेगळ्या घरी असावी, असा नियम बागप्रेमींनी स्वतःपुरता करून घ्यावा. १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईवर आदळलेल्या ‘वरदा’ चक्रीवादळात शहरातील हजारो झाडे एका दिवसात उन्मळली. अशा प्रसंगी शेजाऱ्याला पूर्वी दिलेली फांदीच आपल्या बागेत परत येते. म्हणून यंदाची छाटणी करताना कापलेल्या फांद्या कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यांतील दोन चांगल्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळाव्या आणि मागील वर्षी ज्याने फुलाची चौकशी केली होती, त्याच्या हाती द्याव्या.